जिन्याखालचा निळा ठिपका

सांगलीच्या पेठेत दुपारी जेवणाच्या सुमारास शटरं खाली येतात, ती उन्हं कलल्याशिवाय वर जात नाहीत. गिऱ्हाइकालाही ते माहीत असतं. जतकडचा एखादा धनगर दोर घ्यायला भर दुपारी आला, तर कुणालाही हाक न मारता माझ्या पायरीशेजारी पटका डोळ्यांवर ओढून आडवा होतो.

माझं दुकान एका इमारतीच्या रस्त्याकडच्या जिन्याखाली आहे. गुरांची दावी, कासरे, म्होरक्या, बेंदराच्या दिवसांत बैलांना सजवायचे गोंडे. मेढ्याहून हात हलवत आलो, फळ्या स्वतः ठोकल्या आणि तिथंच टिकलो. दुपारी फळी आतून ओढून घेतो, दोराच्या भेंडोळ्यावर डोकं टेकतो. पण एवढ्या वर्षांत पेठेनं मला दुकानदार म्हटलेलं नाही. शेजारचे साडीवाले शेठ पत्ता सांगतानासुद्धा ‘तो जिन्याखालचा’ असं सांगतात. दिवाळीत पेठेच्या दिव्यांची माळ त्यांच्या खांबापर्यंत येते आणि तिथून उलटी वळते. हे मी विसरलेलो नाही.

त्या दुपारी डोळा लागत होता, तेवढ्यात बाहेर एका मुलीचा आवाज आला. कुठल्या जागेत काय चालतं याचा महापालिका शहरभर नकाशा करत होती, त्या कामावरची ती. टॅबवर माहिती भरता भरता स्वतःशीच बोलत होती.

“साड्यांचं दुकान, बंद. पुढे जिना. मग भांडी, बंद.”

मी लाथेनं फळी ढकलली.

“जिना कुणाला म्हणतीस? दुकान हाय हे!”

ती किंचाळली. जिन्यातून माणूस बाहेर पडेल असं तिला वाटलं नसावं.

“आणि बंद कोण म्हणालं?”

“शटरं खाली आहेत की, काका.”

“आगं, पेठ झोपलीय! मेलेली न्हाई!”

तिचा चेहरा पडला. गर्दी नसते म्हणून साहेबांनी तिला दुपारचीच वेळ दिली होती आणि कालपासून तिनं अर्धी पेठ बंद करून टाकली होती. मुलगी वाईची निघाली.

“वाईला दुपारी झोपत न्हाईत व्हय?”

“झोपतात की. पण मला वाटलं, सांगली मोठी आहे.”

मला हसू आलं, पण दाखवलं नाही. मग तिनं पुढचं सांगितलं, आणि हसू पळालंच: याच नकाशावरून नवं मार्केट आखणार, आणि नकाशात ज्याचं दुकान नाही त्याला गाळ्यासाठी कुणी विचारणार नाही. राहण्याच्या जागेला पिवळा रंग, व्यापाराला निळा.

“अख्खी इमारत निळी कर,” मी म्हणालो.

“वर बिऱ्हाडं आहेत. ती पिवळीच राहणार.”

“बरं, जिना तरी निळा कर.”

“जिन्याला रंगच नसतो, काका.”

“मग मी काय हवेत बसून दोर इकतोय?” हातातलं भेंडोळं मी रस्त्यावर फेकलं. पायरीशेजारी झोपलेला एक धनगर उठून बसला.

ती हलली नाही. बाटलीतलं पाणी प्यायली, भेंडोळं उचलून आणलं आणि म्हणाली, “ओरडून झालं? आता शेवटचा भाव सांगा.”

“ठिपका. एक निळा ठिपका.”

“देते. पण पेठ मला परत फिरायला लागणार, सकाळी आणि संध्याकाळी. मधली दुपार मी इथं सावलीत बसणार, आणि टॅबला प्लग पाहिजे.”

म्हणजे माझी झोप गेली. तरी हो म्हणालो.

मग रोज दुपारी सगळ्या पेठेत माझी एकट्याची फळी उघडी. भेंडोळ्यावर बसून ती माझ्या डब्यातली भाकरी खायची, ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी आणखी मागायची. कासऱ्याची गाठ कशी मारतात ते शिकली, आणि माझ्यापेक्षा चांगली मारते असं मलाच सांगायला लागली. त्या धनगरानं एकदा विचारलं, “लेक हाय व्हय?” मी म्हणालो, “गिऱ्हाईक हाय.” दुसऱ्या खेपेला त्यानं विचारलं तेव्हा तिच्यापुढं आणखी एक भाकरी सरकवली.

शेवटच्या दिवशी पिशवी उचलताना ती म्हणाली, “काका, ठिपका मी पहिल्याच दिवशी टाकला होता. तुम्ही फळी उघडलीत ना, तेव्हाच.”

“मग एवढी घासाघीस कशाला केलीस?”

“बसायला जागा पाहिजे होती. मागून तुम्ही दिली असती?”

मला भाव करताना फसवणारं माणूस पेठेत जन्मलेलं नाही, वाईत जन्मलं होतं. त्या रागात एक लाल गोंडा तिच्या पिशवीला असा करकचून बांधला की सुटायचा नाही.

कच्चा नकाशा महापालिकेत लावला तेव्हा पहिला मी गेलो. निळ्यापिवळ्या चौकोनांत मोहरीएवढा ठिपका सापडला आणि मी त्यावर बोट ठेवून उभा राहिलो. चष्मा पुसत शेठही आले. आपला मोठा निळा चौकोन बघून झाल्यावर म्हणाले, “तुझं कुठाय रे?”

“हे काय.”

“बोट काढ की. सगळं दुकान झाकलंस.”

मी बोट काढलं. शेठ नाक नकाशाला टेकेपर्यंत वाकले.

“आहे खरं. दुकान आहे.”

“मग यंदा माळ माझ्या फळीपर्यंत आली पाहिजे.”

“तेवढी वायर कुठली रे? अर्ध्यापर्यंत आणू.”

“अर्ध्यापर्यंत न्हाई, शेठ. फळीच्या पलीकडं दोन हात.”

शेठनी चष्मा खिशात घातला, मी बाह्या सारल्या, आणि तिथंच नकाशासमोर आमचा भाव सुरू झाला.