वसुबारसेची रांग

नातवंडांनो, मागच्या सुट्टीत तुम्ही विचारलं होतंत, की गायीला घास देण्याआधी मी गायवालीला "घालू का?" असं का विचारते. तेव्हा लाज वाटली म्हणून मी विषय बदलला. आता लिहिते.

ऐंशीच्या दशकात आम्ही मुलुंडला राहायचो. देवळाबाहेर एक बाई गाय घेऊन बसायची. लोक तिच्याकडून गवताची पेंढी विकत घेऊन तिच्याच गायीला घालायचे. त्यावर तिची चूल पेटायची.

वसुबारस म्हणजे दिवाळीआधीची गायीची पूजा. त्या संध्याकाळी आसपासच्या साऱ्या बायका ताटं घेऊन आल्या. भात, उडदाचे वडे, गूळ. ढकलाढकली सुरू झाली. मला बेशिस्त खपत नाही, म्हणून मी सगळ्यांना रांगेत उभं केलं. कुणाचा नैवेद्य राहायला नको, एवढंच डोक्यात. रांग इतकी छान चालली, की गायीला श्वास घ्यायलाही उसंत मिळाली नाही.

सगळ्यांत शेवटी माझा नंबर. ताट पुढे केलं, तर गायवाली मध्ये आली.

"बाई, आता नगा घालू. प्वाट फुगलंय तिचं."

गायीची डावी कूस खरंच ढोलकीसारखी ताणली होती. ती मान खाली घालून धापा टाकत होती.

"अगं, एकच वडा. माझाच तेवढा राहिलाय."

"तिला काय झालं तर माझी पोरं काय खातील?" मग ती हळूच म्हणाली, "वाया जात आसंल तर मला द्या. सकाळपासनं पोटात काय न्हाई."

"गायीचा नैवेद्य तुला कसा देऊ?" मी म्हणाले. इतकं शिकूनसवरून हे म्हणाले.

मागून कुणीतरी टोमणा मारला, "बघा, गायीपेक्षा हिलाच जास्त भूक लागली!" दोघीतिघी हसल्या.

माझ्या सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. सोवळंओवळं पाळणाऱ्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं आणि गायवालीपुढे धरलं. "खा गं माये. हिचं ऐकू नकोस."

तिने ताट घेतलं, पण लगेच खाल्लं नाही. माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा पडला असणार. एक वडा उचलून तिने गायीच्या कपाळाला टेकवला आणि मला म्हणाली, "घ्या बाई, पोचला तुमचा निवद. मनाला लावून घेऊ नगा."

मग ती एका हाताने वडा खात, दुसऱ्या हाताने गायीची कूस चोळत राहिली. बऱ्याच वेळाने गायीने मोठा ढेकर दिला, तेव्हा कुठे गायवाली खाली बसली.

ताट परत न्यायला मी थांबले होते. ते तिने नळावर धुऊन, पदराने पुसून माझ्या हातात दिलं. तिच्याकडे बघवेना, म्हणून मी ताटाकडेच बघत राहिले.