पहिल्या चौकटीवरची खूण

समजा, तुम्ही परक्या देशात इंग्रजी शिकवता आणि आज घरी पैसे पाठवायचे आहेत. शनिवारची दुपार आहे. सकाळचे तीन वर्ग घेऊन घसा बसलाय. बँकेच्या दारातल्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्या आणि भिंतीला टेकून उभे राहा, कारण खुर्च्या चार आणि माणसं चाळीस. नंबर लागला की काचेखालच्या फटीतून फॉर्म आत सरकवा. पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, खातं, रक्कम. शेवटी एक ओळ: पैसे कशासाठी? पुढे पाच चौकटी. एकीवर खूण करायची. झालं काम.

धाकटीला पहिल्या वेळी याच कामाला पाऊण तास लागला होता. धाकटी म्हणजे घरातली धाकटी. वय छत्तीस, लग्न नाही, इंग्रजीची पदवी. वडील गेल्यावर दादा म्हणाला होता, "तू तिकडे कमव, मी इकडे बघतो. तुझ्या नावाच्या दोन खोल्या करू. म्हातारपणी कुणाच्या दारात नको जायला." म्हणून पहिल्या फॉर्मवर तिने प्रामाणिकपणे चौथ्या चौकटीत खूण केली. घरखरेदी.

काचेमागच्या बाईने फॉर्म परत ढकलला. "कराराची प्रत लागेल. विकणाऱ्याची सही लागेल. अकरा दिवस थांबावं लागेल."

"मग काय करू?"

"पहिली चौकट. कुटुंबाचा खर्च. सगळे तेच करतात. पुढचा नंबर!"

धाकटीने खोडून पहिल्या चौकटीत खूण केली. पुढची सात वर्षं दर महिन्याला तीच. पावतीचा फोटो दादाला, मग आईला फोन. आई म्हणायची, "पोचले गं," आणि लगेच, "नेहमीचंच लिहिलंस ना? उगाच अडकायला नकोत." कधी बँकेची पायरी न चढलेल्या आईला एवढी काळजी, याचं धाकटीला कौतुक वाटायचं.

गंमत अशी की हाच धडा ती शिकवायची. चपलांच्या दुकानावरच्या त्या संस्थेत हॉटेलात, दवाखान्यात कामाला लागणारी माणसं यायची आणि धाकटी त्यांना फॉर्म भरायला शिकवायची. फळ्यावर ठळक अक्षरांत लिहायची: खूण करण्याआधी सगळं वाचा. तिचा मालक कायम कडक शर्टात, म्हणून घरी फोनवर बोलताना तिने त्याचं नाव 'इस्त्री' ठेवलं होतं. इस्त्रीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तू कुठली, ते विद्यार्थ्यांना सांगायचं नाही. फी देतात ती माणसं." जिन्यातल्या पोस्टरवर एका गोऱ्या मास्तराचा हसरा चेहरा होता. त्याचे आठवड्याला चार वर्ग, पगार तिच्या दीडपट. वर दर सोमवारी दात काढत यायचा, "तुझे या आठवड्याचे धडे दे ना जरा." धाकटी द्यायची. तळपायाची आग मस्तकात जायची, पण द्यायची. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, ओट्यासमोर खिडकी, पलंग कुठे ठेवायचा, हे सगळं तिने हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर मापासकट काढून ठेवलं होतं. अपमान गिळायचा झाला की ती ते पान उघडायची.

मग एका गुरुवारी, दोन वर्गांच्या मधल्या वीस मिनिटांत, वहिनीने मोबाइलवर लावलेला एक फोटो दिसला. ओट्यासमोरच्या त्याच खिडकीला नवे पडदे. पडद्यांच्या बाजूला उघडं दार, आणि दारावर पाटी. धाकटीने बोटांनी फोटो मोठा केला. पाटीवर वहिनीचं नाव होतं. फक्त वहिनीचं.

तिने जिन्यात उभं राहून फोन लावला.

"दादा, पाटी कुणाच्या नावाची लावलीस?"

"ज्याच्या नावावर घर आहे त्याच्या." दादा जरासुद्धा अडखळला नाही. "बाईच्या नावाने घेतलं की नोंदणीला पैसे कमी लागतात."

"अरे वा! आणि मी काय बाप्या आहे?"

"तू तिकडे. सही कोण करणार होतं, तुझा तो इस्त्रीवाला?"

"नावावर करून देणार होतास. रजेवर आले की सही कर म्हणालास."

"म्हणालो असेन. माणूस शंभर गोष्टी म्हणतो." मग आवाज बदलला. आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला गप्प करताना त्याचा जो आवाज निघायचा, तो. "तुझ्याच पावत्या काढ. सातही वर्षांच्या. काय लिहिलंय? कुटुंबाचा खर्च. मी कुटुंबाचा खर्च केला. एका तरी पावतीवर घर लिहिलं असशील तर दाखव."

"ते काउंटरवर सांगतात म्हणून लिहायचं असतं! तुला माहीत होतं!"

"मला काय माहीत? इंग्रजी तुला येतं."

मागून वहिनीचा आवाज आला, मुद्दाम ऐकू येईल इतका मोठा. "वन्संना म्हणावं, आईंचं पथ्यपाणी कोण बघतं? की ते पण मोबाइलवरून होतं?"

"वहिनी, पथ्यपाण्याचे पैसे कुठून येतात ते विचारा नवऱ्याला!"

"विचारलं. म्हणाले, कुटुंबाच्या खर्चातून."

फोन कट झाला. जिन्यातला गोरा पोस्टरवरून हसत होता. धाकटीने खाली येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना वाट दिली, डोळे पुसले आणि वर जाऊन फॉर्मचा धडा शिकवला. फळ्यावरचं ते वाक्य मात्र त्या दिवशी लिहिलं नाही.

खोलीवर परतल्यावर तिने पावत्यांचा चपलांचा खोका पलंगावर उपडा केला. चौऱ्याऐंशी पावत्या. एकीवरही दुसरं काही नव्हतं. दादा खोटं बोलत होता आणि कागद त्याच्या बाजूने होता. त्यात एकच पावती वेगळी होती, पहिल्या महिन्याची, चौथ्या चौकटीत खोडलेली. ती तिने खूप वेळ हातात धरली. खोडलेल्याला कुठलं न्यायालय मान देणार?

शनिवारी तिने पुन्हा नंबर घेतला. या वेळी घेणाऱ्याच्या जागी तिचंच नाव होतं, आणि खूण पाचव्या चौकटीत: स्वतःची बचत.

"याला कागद लागतात," काचेमागची बाई म्हणाली.

"आणलेत."

"वेळ लागेल. पहिल्या चौकटीत केलंत तर—"

"त्या चौकटीने माझ्या तोंडाला पानं पुसली. तुम्ही कागद बघा."

बाईने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि कागद ओढून घेतले.

बाहेर फुटपाथवर येते न येते तोच फोन वाजला. आई. सात वर्षांत आईने स्वतःहून फोन केल्याचं धाकटीला आठवत नव्हतं.

"अगं, दादा म्हणतो या महिन्याचे आले नाहीत."

"येणारही नाहीत. तुझ्या औषधाचे पैसे मी थेट औषधवाल्याला पाठवीन. दादाच्या हातात आता छदाम नाही."

"असं तोडून बोलू नये गं. भाऊ आहे." पलीकडे कुणीतरी हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मग आई म्हणाली, "आणि पाठवलेस ना, तर नेहमीचंच लिही. उगाच—"

धाकटी उभी होती तिथेच थबकली. तेच शब्द. तोच क्रम. दर महिन्याला, सात वर्षं.

"आई," ती म्हणाली, "फोन कुणाच्या हातात देऊ नकोस. मला खरं सांग. हे विचारायला तुला पहिल्यापासून कोण सांगत होतं? आणि का विचारायचं, ते तुला माहीत होतं का?"