यंत्राची खांदमळणी

लातूर जिल्हा नवाच झाला होता, तेव्हा मी नांदेडहून डिप्लोमा घेऊन तिथल्या एका सरकारी विश्रामगृहाच्या देखभालीवर रुजू झाले. नोकरी अजून कायम व्हायची होती. जिल्हा नवा म्हणून सगळंच नवं हवं होतं. पाट्या नव्या, खुर्च्या नव्या, आणि दारापुढे हिरवळही नवी. पावसाला मात्र या नवेपणाचं काही सोयरसुतक नव्हतं. गावात बायका टँकरमागे घागरी घेऊन पळायच्या आणि आमच्या गवताला विहिरीचं पाणी नळीनं मिळायचं. त्या गवताचा मला मनापासून राग होता. पण ते कापणारं यंत्र माझ्या ताब्यात होतं, आणि त्याच्यावर माझा जीव होता.

पेट्रोलचं यंत्र. मागून दांडा धरायचा, दांड्यावरचा लिव्हर दाबला की ते आपणहून पुढे चालायचं, आपण नुसतं मागे जायचं. रोजंदारीवरचे चार-पाच गडी ते आलटून पालटून चालवत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते चालेना. इंजिन गरजत होतं, खाली पातं फिरत होतं, पण चाकं जागची हलायला तयार नव्हती. पाळीवरचा गडी छातीनं रेटून ते ढकलत होता आणि नेमके तेव्हाच विश्रामगृहाचे साहेब व्हरांड्यात आले. दुसऱ्या दिवशी मुंबईहून पाहुणे यायचे होते. साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, ज्यानं हे बिघडवलं त्याचं नाव संध्याकाळपर्यंत पाहिजे, उद्यापासून त्याला काम नाही. हेडक्लार्क हळूच म्हणाले, बाईमाणसाच्या हाती यंत्र दिलं की असंच व्हायचं. मी ऐकलं आणि पाना हातात घेतला.

आधी लिव्हरची वायर पाहिली. ताणलेली होती, तुटली नव्हती. मग यंत्राचा मागचा भाग विटांवर उचलून ठेवला आणि लिव्हर दाबला. चाकं हवेत झकास फिरली. म्हणजे गिअरबॉक्स शाबूत, चाकांचे दातेही शाबूत. यंत्र पुन्हा गवतावर ठेवलं, की चाकं ठप्प. भार आला की कुठेतरी घसरत होतं, आणि घसरण्यासारखी एकच वस्तू होती. इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा बेल्ट. प्लगची वायर काढली, यंत्र कलतं केलं आणि खालचं झाकण उघडलं.

बेल्ट पिवळाधमक झाला होता. बोट लावलं तर तेल. वास घेतला तर हळद.

माझ्या मागे गड्यांमधला सगळ्यात वयस्कर माणूस येऊन उभा राहिला होता. अहमदपूरकडचा शेतकरी, दुष्काळानं शेत सोडून रोजंदारीवर आलेला. त्याची बैलजोडी चारा छावणीत होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे जू ओढणारे खांदे हळद-तेलानं मळतात, ती खांदमळणी. यंदा त्याच्या दारात खांदेच नव्हते.

"बाई, म्याच लावलं," तो म्हणाला. "वढतंय कोन, तर हेच. मंग खांदा बी हेच की. सनाला हात रिकामे ऱ्हाईनात माझे."

हसावं की रडावं, मला कळेना. ओढणारा भाग त्यानं अगदी बरोबर ओळखला होता. बैलाचा खांदा तेलानं मऊ होतो आणि बेल्ट तेलानं घसरतो, एवढाच काय तो फरक. मी त्याला रागावले. मग कुणाला काही न बोलता कामाला जायला सांगितलं.

गवताला लावलेली नळी उचलली, साबण लावून बेल्ट धुतला, पुसला, वाळवला. पुलीच्या खाचा पेट्रोलच्या फडक्यानं कोरड्या केल्या. सगळं जोडून लिव्हर दाबला तेव्हा यंत्र असं निघालं, की मलाच त्याच्यामागे पळावं लागलं. मी मुद्दाम हेडक्लार्कच्या खिडकीखालून दोन फेऱ्या मारल्या.

वाटलं, मिटलं. पण साहेबांना यंत्र नको होतं, माणूस हवा होता. माझ्या फडक्यावरची हळद त्यांनी पाहिली. मला आत बोलावून खुर्ची दिली आणि गोड आवाजात समजावलं. नाव सांगितलं की माझा कायमचा आदेश त्याच आठवड्यात निघणार होता. नाही सांगितलं तर माझ्याविरुद्ध वर शेरा जाणार होता, आणि अशा शेऱ्यावर कुणी कायम होत नाही. शेवटी ते म्हणाले, "हळद लावणारा तुमच्यातला नाही. तुम्ही बौद्ध. तुम्ही कशाला मधे पडता?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या बैलांचे खांदे मळले होते आणि सणाचं ताट त्यांना गोठ्याबाहेर मिळायचं. पुढे धम्म घेतला तेव्हा त्यांनी ते ताटही सोडलं आणि ते कामही. माझ्यातलं कोण आणि परकं कोण, हे साहेबांनी मला शिकवायची गरज नव्हती. सणाला दारात बैल नसलेल्या माणसाच्या पोटावर मी पाय देणार नव्हते, मग तो कुणातलाही असो.

"यंत्र माझ्या ताब्यात आहे," मी म्हणाले, "आणि ते चालतंय. नाव मिळणार नाही."

शेरा गेला. महिनाभरात माझी नोकरी गेली आणि मी ट्रंक घेऊन नांदेडच्या बसमध्ये बसले. पुढे तिथेच मोटारी आणि पंप दुरुस्त करायचं दुकान काढलं आणि त्यावर घर चालवलं. रोजंदारीवरचा एकही गडी तेव्हा कमी झाला नाही, हे मी मुद्दाम जाऊन बघून आले होते. मला वाईट वाटलं का, असं लोक विचारतात. वाटलं, खूप वाटलं. पस्तावले मात्र नाही.

साहेब आता निवृत्त असतील. हे वाचलंच, तर त्यांनी आजही खुशाल विचारावं. नाव मिळणार नाही.