नंजुंडय्या मास्तरांच्या तबकड्या

म्हैसूरच्या आमच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत नंजुंडय्या सुतारकाम शिकवायचे आणि मी गणित. बाविसाव्या वर्षी ते नोकरीला लागले तेव्हा त्यांना खुणांची भाषा अजिबात येत नव्हती. मुलांनीच ती शिकवली, आणि शिकवता शिकवता त्यांचं नावही ठेवलं: कानावर पेन्सिल खोचल्यासारखं एक बोट. तीस वर्षं सगळी शाळा त्यांना त्याच नावाने हाक मारत आली.

शाळेला पन्नास वर्षं झाली तेव्हा जुने विद्यार्थी गावोगावहून आले. एकेकाने पुढे येऊन आपली हकिकत हातांनी सांगितली आणि मास्तरांनी ती कॅमेऱ्यात घेतली. मग ते हट्टालाच पेटले. ज्यांना येता आलं नाही, त्यांना डीव्हीडी पाठवायची.

"पत्र पाठवून काय उपयोग?" मला म्हणाले. "त्यातल्या निम्म्यांना कन्नड वाचताना घाम फुटतो. हातांचं बोलणं कागदावर कसं उतरवायचं, सांगा."

सुटे भाग आणून त्यांनी घरीच कॉम्प्युटर जोडला. आधी त्याला डीव्हीडी लिहिणारा बर्नर दिसेचना. हार्डडिस्क आणि बर्नर एकाच केबलवर होते, आणि मागच्या इवल्याशा खिट्ट्यांनी दोघांनाही मुख्य ठरवून ठेवलं होतं. मास्तरांनी चिमट्याने बर्नरची खिट्टी सरकवून त्याला दुय्यम केलं, तेव्हा कुठे तो दिसला. पण तबकडी अर्धी लिहून झाली की सगळं थांबायचं आणि ती वाया जायची. दुकानदाराने बर्नर तपासला, तो ठणठणीत होता. तबकड्या बदलून झाल्या, प्रोग्राम बदलून झाला.

मास्तरांच्या पत्नी गिरिजम्मा वाया गेलेल्या तबकड्या गरम भांड्यांखाली ठेवायच्या. "अहो, अकरा झाल्या. अजून एक बिघडवा, म्हणजे डझन पुरा होईल. मग एखाद्या लग्नाचा स्वयंपाकच घेते!"

त्या रविवारी मी तिथेच होते. तेवढ्यात होन्नम्मा आली. आमची जुनी विद्यार्थिनी, आता कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसते. मास्तरांचा उतरलेला चेहरा पाहून तिने खुणेने विचारलं, "कोण गेलं?"

"अजून कोणी नाही," मास्तरांचे हात म्हणाले. "बारावी आता जाईल."

ती खुदकन हसली. स्टूल ओढून बसली आणि मशीन चाचपावं तसा कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीवर तळहात ठेवला. "चालवा."

बर्नरने वेग घेतला. पंख्याच्या घरघरीत आम्हाला वेगळं काहीच ऐकू आलं नाही. होन्नम्माच्या भुवया मात्र वर गेल्या.

"हा जोरात फिरला की तो दुसरा थांबतो. झटका देऊन परत सुरू होतो."

"दुसरा कोण?"

तिने हार्डडिस्ककडे बोट केलं. "कारखान्यात वीज कमी पडली की आमची मशीनं असंच करतात."

मास्तर ताडकन उठले. वीज पुरवणारा डबा त्यांनी एका जुन्या, मोडीत निघालेल्या कॉम्प्युटरचा काढून बसवला होता! दुसऱ्या दिवशी नवा, दणकट डबा आला. तबकडी शेवटपर्यंत लिहून झाली, शेजारच्यांच्या टीव्हीवरही चालली.

संध्याकाळी होन्नम्माला मुद्दाम खायला बोलावलं. मास्तर तिचे आभार मानायला लागले ते थांबेचनात.

"मास्तर, पुरे आता," ती खुणेने म्हणाली. "उप्पिट्टु गार होतंय."

पंधरा दिवसांनी हुणसूरकडच्या खेड्यातून आमचा जुना विद्यार्थी चिक्कण्णा आला, खांद्यावर केळीचा घड घेऊन. आजारपणामुळे त्याचा मेळावा चुकला होता, म्हणून त्याला डीव्हीडी पाठवली होती.

"चार वेळा पाहिलं," त्याने खुणांनी सांगितलं. "घरच्यांनाही दाखवलं. कोण काय म्हणतंय ते त्यांना कळेना, मग मी एकेक समजावलं. आमच्या घरात पहिल्यांदाच मी सांगत होतो आणि बाकीचे थांबून बघत होते."

मास्तरांनी अर्धा घड कापून पिशवीत भरला आणि चिक्कण्णाला सोबत घेऊन होन्नम्माच्या घराकडे निघाले.