मनगटावरचा फेस

रेषेपलीकडच्या न्हाव्यांची एक सवय होती. दाढी करताना वस्तऱ्यावरचा फेस ते स्वतःच्याच मनगटावर पुसत. अलीकडचे न्हावी गिऱ्हाइकाच्या खांद्यावर कागद ठेवतात आणि त्यावर फेस पुसतात. मुलूख दुभंगून ही रेषा पडली तेव्हा पलीकडच्याच या गोष्टीतल्या न्हाव्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. जीव मुठीत धरून तो अलीकडे आला आणि सगळ्यात आधी कागद वापरायला शिकला. पुढे दुकान चाललं, लग्न झालं, मुलगा हाताशी आला. तो मूळचा कुठला, हे फक्त बायकोला ठाऊक. गल्लीतले लोक पलीकडच्यांना शिव्या घालत, मनगटाला फेस पुसण्याची नक्कल करून हसत. तोही हसायचा.

मग सिनेमावाले आले. दुभंगलेल्या मुलखात माणूस स्वतःला कुठला म्हणवतो, असा त्यांचा विषय. दाढीच्या प्रसंगासाठी त्यांना खरा न्हावी हवा होता. बायको म्हणाली, नसती उठाठेव करू नका. पण शेजारच्या शिंप्याने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हा चढला.

फळ्या ठोकून उभारलेल्या दुकानात म्हातारा नट पलीकडचा बाप होऊन बसला होता. गालभर फेस, डोळे मिटलेले. न्हाव्याचा हात पहिल्यांदा बसला होता तो लहानपणी, पलीकडे, वडिलांच्या अशाच गालावर. फेस मनगटावर गेला आणि जातच राहिला. दिग्दर्शकाने पाठ थोपटली तेव्हा कुठे त्याला भान आलं.

तेवढं काढून टाका म्हणून त्याने हात जोडले. दिग्दर्शक हसला. "काका, अहो, सबंध सिनेमात खरं तेवढंच आहे."

सिनेमा लागला. सगळी गल्ली गेली. दोन्हीकडची माणसं एकच, असं पडद्यावर कुणी म्हटलं की लोक डोळे पुसत. शिंपी तर मुसमुसत होता. दाढीचा प्रसंग आला आणि तो गप्प झाला.

बाहेर आल्यावर न्हावी म्हणाला, त्यांनी सांगितलं तसं केलं, झालं.

"सांगून हात असा सराईत होत नाही," शिंपी म्हणाला. "मी हातावरच पोट भरतो, मला कळतं. इतकी वर्षं माझा गळा तुझ्या वस्तऱ्याखाली होता."

"साधा ओरखडा तरी आला का रे?"

शिंपी घराकडे चालू लागला. दुसऱ्या दिवशी तो दाढीला रस्त्यापलीकडच्या दुकानात गेला. मागोमाग बाकीचेही. मुलाने बापाला काही दिवस घरी बसवून एकट्याने दुकान चालवून पाहिलं, पण गिऱ्हाईक फिरकलं नाही. मुलगा आता बापाशी कामापुरतंच बोलतो, आणि काम तर नाहीच.

न्हावी पुन्हा दुकानात येतो. खुर्ची पुसतो, वस्तऱ्याला धार लावतो, जुन्या वर्तमानपत्रांचे चौकोनी तुकडे कापतो. खण केव्हाच भरला, आता तुकडे खुर्चीखाली रचलेले असतात.

"पुरे करा, बाबा," मुलगा म्हणतो.

"असू दे. कुणी आलंच तर," न्हावी म्हणतो आणि कापत राहतो.