पोट सुटलेला कॉम्प्युटर

आमच्या ह्यांना खरेदीला न्यायचं म्हणजे दुकानदाराची परीक्षाच. हे, म्हणजे धम्मपाल, अंबडच्या एका कंपनीत प्रेसवर आहेत, बावीस वर्षं झाली. पत्रा कापायचा, वाकवायचा आणि मापात बसला की नाही ते बघायचं, हे काम. त्यामुळे घरात काहीही येवो, आधी माप. साधा पोळ्यांचा डबा घेतला तरी झाकण दहा वेळा लावून बघणार. फ्रीज घेतला तेव्हा जिना, दार, वळण सगळं कागदावर काढून ठेवलं होतं आणि फ्रीज खरंच एका दमात वर आला. तेव्हापासून माणूस हवेत आहे. मी इंदिरानगरात घरीच ब्लाऊज शिवते, मापातली चार अक्षरं मलाही कळतात, पण मला विचारतो कोण.

आमची तेजल पॉलिटेक्निकला, दुसऱ्या वर्षाला. तिला गेमिंगचं वेड. आधी मी बोंबा मारायचे, की घरात बसून बंदुका कसल्या चालवतेस. पण मग कॉलेजाकॉलेजांची स्पर्धा निघाली, पाच मुलींची टीम झाली आणि चैताली नावाची त्यांची कॅप्टन एक दिवस घरी येऊन मला सांगून गेली, "काकू, तेजलसारखा नेम आमच्यात कुणाचा नाही. पण तिचा लॅपटॉप बदला." तो लॅपटॉप माझ्या भाच्याने वापरून टाकलेला. त्याच्यावर खेळ एवढा अडखळायचा की समोरची दिसायच्या आत आमची पोर मेलेली असायची. पहिला सामना रविवारी अकरा वाजता, सगळ्यांनी आपापल्या घरून खेळायचा. शनिवारी संध्याकाळपर्यंत तेजलचं मशीन तयार नसेल तर तिच्या जागी हर्षाली खेळणार, असं ठरलं होतं. तेजलचं जेवण अर्धं झालं होतं आणि आईला ते दिसतंच.

दिवाळीचा बोनस आणि माझ्या शिवणाचे मिळून तीस हजार होते. त्यात स्क्रीनसुद्धा. तेजल म्हणाली, तेवढ्यात नवीन चांगला येत नाही. हे म्हणाले, "बघू तर खरं." आणि खिशात व्हर्नियर टाकला. कंपनीत माप घ्यायचं ते चिमट्यासारखं हत्यार असतं ना, ते. कॉम्प्युटर घ्यायला व्हर्नियर घेऊन जाणारा माणूस मी तरी दुसरा बघितलेला नाही.

पहिलं दुकान चकचकीत. काचेचा डबा, आत लाल, हिरवे, निळे दिवे पळतायत. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, याचा लूक बघा." ह्यांनी विचारलं, "दिव्यांनी खेळ भारी चालतो का?" तो म्हणाला, "नाही, पण छान वाटतं." तेजलने आत काय काय आहे ते विचारून घेतलं आणि माझ्या कानात सांगितलं, की मम्मी, सगळा पैसा डब्यात गेलाय, कार्ड अगदीच हलकं घातलंय. खेळातली चित्रं भराभर काढून दाखवतं ते ग्राफिक कार्ड, जीव सगळा त्याच्यात असतो म्हणे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. आम्ही बाहेर पडलो.

मग कॅनडा कॉर्नरला समाधानच्या दुकानात गेलो. हा समाधान ऑफिसांमधून निघालेले जुने कॉम्प्युटर विकतो. भिंतीला काळे डबे रचून ठेवलेले, शोभा शून्य. पण माणूस सरळ. तेजलला म्हणाला, "ताई, ऑफिसचा जुना घे. दिवसभर पत्रंच टाईप केलीत त्याच्यावर, दमलेला नाही. मेमरी वाढवू, डिस्क नवीन घालू, करंटचा सप्लाय मोठा टाकू आणि उरलेले पैसे सगळे कार्डात. कार्डही वापरलेलं, पण मी चालवून दाखवतो." त्याने टेबलावर उघडाच जोडून चालवून दाखवला. तेजलचा खेळ लोण्यासारखा चालला आणि पोरीचा चेहरा असा उजळला की मी तिथेच म्हटलं, घ्या. स्क्रीन धरून सव्वाअठ्ठावीस.

आता खरं तर इथे गोष्ट संपायला हवी होती. समाधान म्हणत होता, "काका, अर्धा तास थांबा, बसवून झाकण लावून देतो." पण आमचे हे. व्हर्नियर काढून कार्डाची लांबी मोजली, रुंदी मोजली, डब्याची आतली जागा मोजली आणि म्हणाले, "बसतंय. चार मिलिमीटर राहतात. फिटिंग घरी करू, बावीस वर्षं काय गवत उपटलं का?" समाधान म्हणाला, "वायरचं तेवढं बघा काका." हे म्हणाले, "मोजलंय."

शुक्रवारी संध्याकाळी घरात वर्तमानपत्र अंथरून ऑपरेशन सुरू झालं. कार्ड बसलं, अगदी चार मिलिमीटर राखून. हे माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले. मग तेजलने कार्डाला करंट देणारी वायर हातात घेतली. ती खोचायची जागा होती कार्डाच्या डोक्यावर. वायर खोचली आणि ती दीड इंच डब्याच्या बाहेर उभी राहिली. झाकण काही केल्या लागेना. वायर वाकवून बघितली, दाबून बघितली, दुसरीकडून फिरवून बघितली. हे घामाघूम.

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "अहो, मी ब्लाऊज शिवते तेव्हा बाईने हात वर केला तर कुठे ताणेल ते आधी बघते. तुम्ही नुसतं अंगाचं माप घेऊन आलात." ते खाली मान घालून वायरच वाकवत राहिले. तेव्हा मला कळलं, की चेष्टेची वेळ नाही.

तेजल म्हणाली, "पप्पा, राहू द्या ना झाकण. उघडाच चालवते." तिने बटण दाबलं, पंखे फिरायला लागले, स्क्रीनवर खेळ आला, सगळं झकास. आणि ह्यांनी उठून भिंतीतला स्विच बंद केला. "गार्ड नाय तर मशीन नाय."

हे त्यांच्या कंपनीतलं वाक्य. प्रेसला पुढे जाळी असते, ती लावल्याशिवाय प्रेस चालवायचा नाही. तरणे असताना एकदा मुकादमाने घाई केली, जाळी काढून ठेवली आणि ह्यांच्या डाव्या करंगळीचं एक पेर गेलं. तेव्हापासून आमच्या घरात मिक्सरसुद्धा झाकण धरल्याशिवाय फिरत नाही. तेजलला हे सगळं माहीत होतं, पण ती म्हणाली, "पप्पा, हा काही प्रेस नाहीये." समाधानला फोन लावला. तोही म्हणाला, पुष्कळ जण उघडा चालवतात. दुसरा डबाही चालणार नव्हता, कारण या कॉम्प्युटरचा आतला बोर्ड दुसऱ्या कुठल्या डब्यात बसतच नाही. हे म्हणाले, "पुष्कळ जणांची बोटंपण गेलेली मी बघितलीत. आत पंखा फिरतो, आत करंट आहे, वरून भिंतीवर पाल फिरते. नाय."

तेजल रडत आतल्या खोलीत गेली. मग मी सुटले. म्हटलं, सारी कॉलनी तुमच्या मापाचं कौतुक करते आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी बरा दिव्याखाली अंधार पडला. समाधान फुकट बसवून देत होता, तर तुमची मिजास. रविवारी तिच्या जागी दुसरी पोर खेळेल आणि तुम्ही बसा तुमची जाळी कुरवाळत. बरंच काही बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. हे ऐकून घेत होते. शेवटी हळूच म्हणाले, "चुकलं माझं, अंजली. पण उघडा मी चालू देणार नाय."

असं बोलल्यावर माणसाशी भांडायचं तरी कसं. मी उठले आणि शिवणाचा खाकी कागद काढला. म्हटलं, झाकण लागत नाही ना, मग जिथे लागत नाही तिथे सैल करू. सरका. डब्यावर कागद धरला, वायर जिथे डोकं काढत होती तिथे फुगवटा देऊन चुण्या टाचल्या, कडा पेन्सिलीने आखल्या, दोन बोटं जास्तीची ठेवली. हे वाकून बघत होते. त्यांचा चेहराच बदलला. "थांब," म्हणाले, "चुण्या पत्र्यात नाय करता येणार, पण पेटी वाकवता येईल. आणि गरम हवेला भोकं लागतील." रात्रीचं जेवण आमचं त्या कागदाच्या भोवतीच झालं. तेजलही डोळे पुसत येऊन बसली आणि भोकं कुठे पाडायची ते सांगायला लागली.

शनिवारी कंपनीला सुट्टी. पण ह्यांचे दोस्त निवृत्तीभाऊ यांचं अंबडला ग्रिलचं छोटं वर्कशॉप आहे, ते उघडं होतं. सकाळी आठला बापलेक स्कूटरवर निघाले, तेजलच्या मांडीवर झाकण आणि झाकणावर माझा खाकी कागद. दुपारी दोन वाजले, तीन वाजले. माझं एका ब्लाऊजचं हूक उलट्या बाजूला लागलं. पावणेचारला तेजलचा फोन, "मम्मी, पप्पा कानस घासतायत. म्हणतात, कड हाताला लागली नाही पाहिजे." मी म्हटलं, त्यांना सांग, घड्याळसुद्धा बघायचं असतं.

पाचला आले. झाकणाला चौकोनी खिडकी पाडून त्यावर पत्र्याची छोटी पेटी जोडली होती, तिला ओळीत भोकं, कोपरे गोल, वरून करडा रंग. रंग अजून ओला होता. ह्यांनी झाकण धरलं, खाली सरकवलं आणि ते खट्ट करून बसलं. वायरला कुठे धक्का नाही. तेजलने टाळ्या पिटल्या. मी बाजूने बघितलं तर डब्याला चांगलं गरगरीत पोट सुटलेलं.

"सातवा महिना दिसतोय," मी म्हटलं.

हे आधी रागावले आणि मग असे हसले की खाली बसले. तेजलने लगेच फोटो काढून चैतालीला पाठवला. चैतालीचं उत्तर आलं, "चालतंय ना? मग तूच खेळतेस." संध्याकाळी शेजारपाजारचे सगळे पोट बघायला येऊन गेले. शेजारच्या विमलाबाईंनी तर विचारलं, की पुढे मोठं होईल का हे.

रविवारी पावणेअकराला तेजल हेडफोन लावून बसली. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला पाच, एवढं कळलं. आधी आमच्या हरल्या, मग जिंकल्या, मग बरोबरीत आलं. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होते ती तशीच. शेवटच्या डावात आमच्या चौघी गेल्या आणि तेजल एकटी उरली. समोर दोघी. पोरगी एका भिंतीआड इतकी शांत बसली की मला वाटलं पुन्हा अडकलं मशीन. मग दोनदा आवाज आला, फक्त दोनदा, आणि हेडफोनमधून चारही मुलींचं ओरडणं मला दारापर्यंत ऐकू आलं.

तेजल खुर्ची मागे लोटून उठली. "पप्पा, बघितलंत? शेवटच्या दोघी मी एकटीने पाडल्या."

हे टेबलाखाली फरशीवर बसले होते. पाऊण तास झाला, एक हात त्या पत्र्याच्या पोटावर ठेवलेला आणि कान लावलेला. स्क्रीनकडे त्यांनी एकदाही मान वर केली नव्हती. म्हणाले, "नाय गं, मी इकडे बघत होतो. कोमटपण नाय झाला."

परवाचं माझं सगळं बोलणं आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. तेजलही टेबलाखाली शिरली आणि त्यांच्या गळ्यात पडली.

"पुढच्या रविवारी दुसरी फेरी आहे," ती म्हणाली. "तेव्हाही इथेच बसा."

"बसतो की," हे म्हणाले.