खळ्यावरची सूर्यमाला

नोकरीत असताना एका धड्यासाठी मी आजूबाजूच्या गावांत नावाजलेली होते. करडी गावाच्या बाजूला एका लहानशा गावात माझी शाळा. दिवाळीनंतर बैलांच्या पायी धान चुरायला खळी सारवून तयार झाली, की मी पोरांना तिथे न्यायची आणि सूर्यमाला शिकवायची. खळ्याच्या मधोमध रोवलेला मेढीचा खांब धरून मी उभी राहायची. मी सूर्य. माझ्यापासून आठ पोरं हातात हात धरून एका ओळीत, चुरणीला मेढीभोवती बैल जुंपतात तशी. बुध, शुक्र, तिसरी पृथ्वी आणि पार शेवटी नेपच्यून. ‘चला’ म्हटलं की ओळ फिरायची. बुध जागच्या जागी पावलं टाकायचा आणि नेपच्यूनची धावून धावून दमछाक. पोरं हसून लोटपोट व्हायची, मीही.

माझी मुलगी माझ्याच वर्गात होती. तिला पृथ्वी व्हायचं असायचं. पण मॅडमनं स्वतःच्या पोरीला जवळ ठेवलं, असं कुणी म्हणू नये म्हणून मी तिलाच नेपच्यून करायची. लोकांच्या बोलण्याला मी फार भ्यायची. नवरा गेल्यावर तर जास्तच.

आता ती पुण्यात असते. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली. घरात मी आणि टीव्ही, त्यातही टीव्हीच जास्त बोलतो. म्हणून गेल्या हिवाळ्यात शाळेतल्या नव्या मॅडम ‘तो धडा एकदा घ्या’ म्हणत दारात आल्या, तेव्हा मी लगेच ठेवणीतली साडी बाहेर काढली.

धान आता मशीननं निघतं. खळं कुठलं मिळायला, शाळेच्या पटांगणातच बांबू रोवला. ओळ लावली. ‘चला’ म्हणणार, तोच पृथ्वी झालेली मुलगी म्हणाली, “मॅडम, नेपच्यून तं सगळ्यात सावकाश जाते न? सगळे संगसंग कसे फिरतीन?”

नव्या मॅडम तिला डोळ्यांनी दटावू लागल्या. त्यावरूनच मला कळलं, पोरगी बरोबर आहे. पृथ्वीची एक फेरी होईस्तोवर बुध चार फेऱ्या मारून मोकळा होतो, आणि नेपच्यूनला एका फेरीत माणसाचे दोन जन्म जातात. कुणी कुणाचा हात धरलेला नाही. धड्याखालचा या फेऱ्यांचा तक्ता मी वर्षानुवर्षं फळ्यावर उतरवला, वाचला मात्र कधीच नाही. डोक्यात बैलच फिरत होते.

संध्याकाळी मुलीला फोन लावून सगळं सांगितलं. वाटलं, हसेल.

“मले तं आठवीतच समजलं होतं, आई,” ती म्हणाली.

“मंग सांगितलं काहून नाही?”

“त्या धड्याच्या दिवशी तू हसायची न. घरी तुले हसताना मी कधी पाह्यलंच नाही.”

मग तिला कुणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

तिला माहीत होतं, म्हणजे तिच्या बरोबरीच्या कितीतरी जणांना माहीत असणार. त्यातले निम्मे बाजारात भेटतात, वाकून नमस्कार करतात. सगळ्यांनी माझा मान राखला. मला मात्र रडू आलं. इतक्या वर्षांत ‘तुमचं चुकलं’ म्हणण्याइतकं जवळ मी कुणालाच येऊ दिलं नव्हतं, पोटच्या पोरीलाही नाही.